नवस कधी फेडायचा? मुलाच्या रक्ताच्या कर्करोगात घराची श्रद्धा आणि औषधोपचार

लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते, त्या दिवसापासून त्या घरात दोन वेळापत्रके सुरू होतात. एक डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहून दिलेले असते. कोणत्या आठवड्यात कोणते इंजेक्शन, पाठीतली सुई कधी, बोन मॅरोची तपासणी कधी, हे सारे त्यात नोंदवलेले असते. दुसरे कुठेही लिहिलेले नसते. आजी कुलदैवताला नवस बोलते, आई मंगळवार किंवा संकष्टी धरते, मामा कुठूनतरी अंगारा आणतो आणि वडील, जे एरवी फारसे देवळात जात नसत, तेही सकाळी हात जोडून उभे राहू लागतात. ही दोन्ही वेळापत्रके पुढची दोन-अडीच वर्षे शेजारी शेजारी चालतात, पण बहुतेक वेळा त्यांची एकमेकांशी ओळखच करून दिली जात नाही. डॉक्टर नवसाबद्दल विचारत नाहीत आणि ते रागावतील या धाकाने घरचे सांगत नाहीत. मुलाला धोका होतो तो या न बोलण्यातून, आणि तो टाळण्यासाठी दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्या लागतात.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, दवाखान्यातल्या बोलीत ‘एएलएल’. मुलांच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्ण याचे असतात आणि दोन ते पाच वर्षे या वयात तो जास्त दिसतो. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्तपेशी तयार होतात; तिथे अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. म्हणून मूल फिकट पडते, अंगावर निळे डाग उठतात, ताप हटत नाही, हाडे दुखतात. श्रीमंत देशांत या आजाराची दहापैकी नऊ मुले आज बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मुलांच्या सर्व कर्करोगांचा एकत्रित विचार केला, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत बरे होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली राहते. ते २०३० पर्यंत किमान ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. या आजारावरची मुख्य औषधे नवी नाहीत आणि ती आपल्याकडेही वापरली जातात. तरीही एवढी तफावत पडते, याची मोठी कारणे उशिरा झालेले निदान, वाटेतला जंतुसंसर्ग, पैशांची व औषधांची टंचाई आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार ही आहेत. यातल्या शेवटच्या कारणाशी घराच्या श्रद्धेचा थेट संबंध येतो.

उपचाराचा पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा असतो. स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅस्पॅराजिनेज अशी औषधे दिली जातात. स्टेरॉइडमुळे मुलाचा चेहरा गोल होतो आणि भूक इतकी वाढते, की ते रात्री तीन वाजता उठून वरणभात मागते. केस जातात, चिडचिड वाढते. या टप्प्याच्या अखेरीस बोन मॅरो तपासतात. त्यात कर्करोगाच्या पेशी पाच टक्क्यांहून कमी दिसल्या, रक्त पुन्हा नीट तयार होऊ लागले आणि शरीरात इतरत्रही आजार दिसत नसला, की डॉक्टर सांगतात, “रेमिशन आले.” घरात महिन्याभराने पहिल्यांदा कोणीतरी हसते, गावाकडे फोन जातात आणि फोनवर वाक्य बदलून पोहोचते: “पोरगं बरं झालं. देवानं ऐकलं.”

रेमिशन म्हणजे आजार दिसेनासा होणे. निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात या पेशींची संख्या एक लाख कोटींच्या घरात असू शकते. त्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या, तरी उरलेल्या एक हजार कोटी भरतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या निरोगी पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाहीत. आता दहा हजारांत एक पेशी शोधणारी तपासणी निघाली आहे, पण त्याही चाळणीतून काही पेशी निसटतात. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही: हराळी वरून खुरपली, की रान स्वच्छ दिसते आणि जमिनीखाली मुळांच्या काशी तशाच असतात. म्हणून पुढचे काही महिने पुन्हा जोरकस औषधे देतात, मेंदूभोवतीच्या द्रवात आजार दडू नये यासाठी पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट देतात आणि त्यानंतर दीड-दोन वर्षे ‘मेंटेनन्स’ चालते, ज्यात ६-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. या काळात मूल शाळेत जाऊ शकते, केस परत येतात, ते इतर मुलांसारखे दिसू लागते. पालकांच्या मनावर सगळ्यात अवघड काळ हाच असतो, असे माझे मत आहे, कारण डोळ्यांना जे दिसते ते औषधाची गरज संपल्याचे सांगत असते.

नवसाची गाठ नेमकी इथे पडते. नवस बोलताना शब्द साधारण असे असतात: “पोराला बरं कर, मी पायी येईन, बोकड देईन, गावजेवण घालीन.” बरे केव्हा झाले हे ठरवण्याची खूण त्यात नसते. ‘रेमिशन’ हा शब्द कानावर पडला, की घरच्यांना नवस फळल्यासारखे वाटते, आणि देवाने दिलेल्या यशावर शंका घेऊन औषध चालू ठेवणे कुणाला अविश्वासाचे लक्षण वाटू शकते. मुक्काम हलतो, गावी कार्यक्रम होतो, त्यासाठी कर्ज निघते, परतीच्या तिकिटाला पैसे उरत नाहीत आणि दोन आठवड्यांसाठी गेलेले कुटुंब दोन महिने येत नाही. ठरलेला उपचार सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त चुकला, तर तो सोडून दिला असे बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत धरले जाते. त्यानंतर आजार उलटला, तर तो आधीइतका औषधांना जुमानत नाही.

यावर उपाय नवस न बोलणे हा नाही. तसे सांगून कोणी ऐकतही नाही. नवस बोलणारा आपल्या तोंडाने मुदत घालू शकतो. “शेवटची गोळी संपली, की सहकुटुंब पायाशी येऊ,” असे बोलले, तर नवस आणि डॉक्टरांचे वेळापत्रक एकाच दिवसाकडे पाहू लागतात आणि मधल्या दोन वर्षांतला प्रत्येक डोस हा नवसाचाच भाग होतो. जो आधीच बोलून गेला आहे, त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांकरवी किंवा गुरवाकरवी देवापुढे गाऱ्हाणे घालून मुदत मागून घ्यावी. कोकणात आणि गोव्यात तर गाऱ्हाण्याची रीत घरोघरी माहीत आहे. नवसाचा खर्च किती असावा, यावरही घरात बोलले पाहिजे. दादरला परगावच्या कर्करोगाच्या रुग्णांना ज्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळतो, ते गाडगे महाराज आयुष्यभर कीर्तनांतून नवसाचे बोकड आणि कर्ज काढून केलेली देवकार्ये यांच्याविरुद्ध बोलत राहिले आणि जमलेला पैसा धर्मशाळांना लावत राहिले, हे त्या छपराखाली राहणाऱ्यांना सांगितले, तर ते त्यांच्या मनाला पटकन भिडते.

नवसाने काय घडू शकते, याचा एक दाखला या आजाराच्या इतिहासातच आहे. डॅनी थॉमस हा लेबनीज वंशाचा अमेरिकन विनोदी कलाकार उमेदीच्या दिवसांत हलाखीत होता. त्याने डेट्रॉइटमध्ये संत ज्यूड यांच्यापुढे प्रार्थना केली, की मला वाट दाखव, मी तुझे देवस्थान उभारीन. त्या नवसातून १९६२ मध्ये मेम्फिस शहरात मुलांचे रुग्णालय उघडले. एएलएल झालेली बहुतेक सगळी मुले तेव्हा दगावत होती. तिथल्या डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र, मेंदूभोवतीचा उपचार आणि दीर्घ मेंटेनन्स अशी पद्धत बसवली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्या पद्धतीने निम्म्याच्या आसपास मुले बरी होऊ लागली. आज मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात मुलाला मिळणाऱ्या उपचाराची चौकट त्याच विचारावर उभी आहे.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ, कारण श्रद्धा आणि औषध यांची खरी टक्कर तत्त्वापेक्षा प्रसादाच्या द्रोणात जास्त होते. केमोने, म्हणजे कर्करोगाच्या या औषधांनी, कर्करोगाच्या पेशींबरोबर जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही मरतात. एरवी त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड हजारांच्या वर असतात; त्या पाचशेखाली गेल्या, की “काउंट पडले” असे म्हणतात. अशा वेळी कच्च्या दुधादह्याचे पंचामृत, अनेक हातांतून आलेला पेढा, तांब्यातले तीर्थ, न धुतलेले तुळशीचे पान यांतले साधे जंतूही मुलाच्या रक्तात शिरू शकतात. फुलांच्या हारांत आणि कुंडीच्या मातीत बुरशी असते, म्हणून वॉर्डमध्ये फुले आणू देत नाहीत. अंगारा कपाळाला लावायचा असेल, तर नर्सला विचारून चिमूटभर लावावा. जिभेवर ठेवू नये आणि सलाइनच्या नळीजवळ तर मुळीच नेऊ नये. मनगटातला गंडा भिजून मळतो आणि त्याखालची कातडी सोलवटते. असा दोरा न कापता सोडवून, स्वच्छ पिशवीत घालून उशाशी ठेवता येतो. जावळ किंवा केस अर्पण करण्याचा नवस असेल, तर काउंट कमी असताना वस्तरा लावू नये, कारण तेव्हा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट नावाच्या पेशीही बहुधा कमी असतात आणि छोटी जखमही वाहत राहते.

यातून वाट निघते, आणि ती आई-आजी स्वतःच काढतात. शिरा घरी करायचा, नैवेद्य दाखवायचा आणि वाफ निघत असतानाच मुलाला स्वच्छ वाटीत द्यायचा. गर्दीच्या दिवशी सिद्धिविनायकाला वडिलांनी एकट्याने जायचे आणि मुलाने दर्शन मोबाइलवर घ्यायचे. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना, माहीमचाच दर्गा, वांद्र्याचे माउंट मेरी, जिथे दुखऱ्या अवयवाची मेणाची आकृती वाहतात, या सगळ्या ठिकाणी मुलाच्या वतीने घरातले दुसरे कोणीही जाऊ शकते. मुलाला गर्दीत नेल्याने देव जास्त प्रसन्न होतो, असे कोणत्याही धर्माचा जाणता माणूस म्हणणार नाही.

एक नियम मात्र कुठल्याही मुहूर्तासाठी थांबत नाही. घरी असताना मुलाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत किंवा घरात पूजा मांडलेली असो, लगेच रुग्णालय गाठायचे असते. काउंट पडलेल्या मुलाला पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक मिळावे, असे मानले जाते. सकाळपर्यंत थांबल्यास जंतू रक्तभर पसरू शकतात. डॉक्टरांशी बोलण्याआधी तापाचे औषध देऊन ताप दाबूही नये.

उपवासाचेही असेच. मुलाने उपवास करायचाच नाही. मेंटेनन्सच्या गोळ्या चालू असलेल्या काही मुलांची रक्तातली साखर बराच वेळ उपाशी राहिल्यास घसरते. अ‍ॅस्पॅराजिनेजने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून त्या दिवसांत पोटात कळ आली, तर “उपवासाचं तळकट बाधलं” म्हणून घरी ओवा देत बसू नये. मोठ्यांच्या उपवासाचाही विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते. रात्रभर जागणाऱ्या आईने निर्जळी धरली आणि तिसऱ्या दिवशी तीच चक्कर येऊन पडली, तर मुलाच्या उशाशी कोण बसणार? प्लेटलेट द्यायला आलेल्या काकाने उपवास धरला असेल, तर रक्तपेढी त्याला खाऊन ये असे सांगून परत पाठवते. नवरात्रात आणि रमजानमध्ये दाता शोधताना ही अडचण आधीच विचारात घ्यावी लागते.

कांजिण्यांबद्दल वेगळे आणि सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे श्रद्धा आणि धोका एकमेकांत पार गुंतले आहेत. देवीच्या रोगाचे १९८० मध्ये जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, पण देवी अंगात येते ही भावना कांजिण्यांवर येऊन बसली. अनेक घरांत कांजिण्या आल्या, की माता आली म्हणतात, कडुलिंबाचा पाला अंथरतात, फोडणी देत नाहीत आणि औषध दिले तर देवी कोपेल म्हणून डॉक्टरकडे जात नाहीत. धडधाकट मुलाच्या बाबतीत आजार बहुधा आपोआप ओसरतो, त्यामुळे हा समज टिकून राहिला. केमो चालू असलेल्या मुलात मात्र हाच विषाणू फुप्फुसे, यकृत आणि मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. शेजारच्या किंवा वर्गातल्या मुलाला कांजिण्या आल्याचे कळताच, आपल्या मुलाच्या अंगावर एकही फोड नसताना, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा असतो; संपर्कानंतरच्या पहिल्या काही दिवसांत खास प्रतिपिंडांचे इंजेक्शन किंवा विषाणूविरोधी औषध देऊन आजार रोखता किंवा सौम्य करता येतो. पाला अंथरा, देवीची ओटी भरा, फोडणी बंद ठेवा. त्याने मुलाच्या औषधाला काही बाधा येत नाही. फोन मात्र आधी करा.

श्रद्धेची एक बाजू खरोखर दुखावणारी आहे आणि तिच्याबद्दल मी मऊ शब्दांत लिहिणार नाही. निदान झाल्यावर आठवड्याभरात घरात कुणीतरी कारण शोधू लागते: कुळाचार चुकला, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कुणाची नजर लागली, मागल्या जन्मीचे भोग आहेत. बोट बहुधा आईकडे वळते. शास्त्राला आज जेवढे माहीत आहे, त्यानुसार बहुसंख्य मुलांत हा आजार पेशींचे विभाजन होताना गुणसूत्रांत योगायोगाने झालेल्या बदलांतून सुरू होतो. जुळ्या मुलांच्या अभ्यासातून दिसले, की काहींमध्ये पहिला बदल जन्माआधीच घडलेला असतो आणि तसा बदल असलेल्या बहुतेक बाळांना आजार कधीच होत नाही. ग्रहणाशी किंवा आईच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटकाळातल्या श्रद्धेचे दोन प्रकार मांडले आहेत: देव सोबत आहे असे मानून तग धरणे आणि देव शिक्षा करतो आहे असे मानून खचणे. दुसऱ्या प्रकारातल्या माणसांना नैराश्य आणि चिंता जास्त छळतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मुलेही हे सगळे ऐकत असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपल्या खोडीमुळे हे झाले असे वाटू शकते आणि ते कुणाला सांगत नाही. त्याला न विचारताच, वारंवार, स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, की तू काही चुकीचे केले नाहीस आणि देव तुझ्यावर रागावलेला नाही.

प्रार्थनेने आजार बरा होतो का, हा प्रश्न वाचकाच्या मनात असणारच. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर केलेला मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी लोकांनी काहींसाठी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ती किंचित जास्तच आढळली. प्रार्थनेला औषधाच्या जागी बसवू नये, एवढे यातून घेता येते. आई स्वतःच्या मुलासाठी संध्याकाळी दिवा लावते, तेव्हा तिला मिळणारे बळ असल्या मोजपट्टीने मोजलेले नाही. दोन-अडीच वर्षे दर सकाळी गोळी मोजून देणे, दर आठवड्याला रक्त तपासणे, पगार आणि भाडे यांची तोंडमिळवणी करणे आणि मुलासमोर न रडणे यासाठी माणसाला कशाचातरी आधार लागतो. धर्मशाळेच्या व्हरांड्यात सांजवेळी एका कोपऱ्यात हरिपाठ, दुसऱ्या कोपऱ्यात नमाज आणि मध्ये स्टोव्हवर चढलेली सामाईक खिचडी, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा आधार कसा चालतो ते समजते. तिथे कुणाच्या मुलाचे काउंट वाढले, तर पेढ्याऐवजी बिस्किटाचा बंद पुडा वाटतात.

या आधाराचा गैरफायदा घेणारे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभे असतात. “केमो बंद करा, माझा काढा द्या,” असे म्हणणाऱ्याला श्रद्धेच्या खात्यात धरण्याचे कारण नाही. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. काही भस्मांत शिसे आणि पारा सापडला आहे आणि अनेक वनस्पतिजन्य औषधे यकृतावर ताण आणतात, जिथे मेथोट्रेक्सेटचाही भार आधीच असतो. घरात असे काही दिले गेले असेल, तर पुडी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी, आणि डॉक्टरांनीही ती दाखवणाऱ्यावर आवाज चढवू नये. एकदा ओरडा खाल्लेले घर पुढच्या वेळी पुडी लपवते.

सगळे नीट करूनही काही मुलांचा आजार उलटतो आणि पुढच्या औषधांनाही दाद देत नाही. अशा वेळी “आमची भक्ती कमी पडली का,” असे आईवडील विचारतात. उत्तर नाही असेच आहे. काही पेशींनी सुरुवातीपासूनच औषधाला न जुमानण्याची ताकद कमावलेली असते. आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणे हा उपचाराचा हेतू होतो, तेव्हा परिहारक सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर) डॉक्टर सोबत येतात, वेदनेसाठी तोंडावाटे मॉर्फिन देतात, धाप आणि उलटी आटोक्यात ठेवतात. तेव्हा आधीचे पुष्कळ नियमही सैल करता येतात. गर्दी, प्रसाद, प्रवास यांवर घातलेली बंधने मूल बरे व्हावे म्हणून होती. आता मुलाला कुलदैवताच्या दारी जायचे असेल, आजीच्या मांडीवर बसून पंचामृताचा थेंब चाखायचा असेल, तर डॉक्टरांशी बोलून ते बहुतेक वेळा जमवता येते. औषधांची पिशवी, वाटेतल्या रुग्णालयाचा फोन नंबर आणि वेदना वाढली तर किती थेंब द्यायचे याची चिठ्ठी डॉक्टर सोबत देतात. हे मागायला कुटुंबाने संकोच करू नये.